सोजरबाईंचा उपास

माझ्या सासूबाई, सोजरबाई दत्तोबा साळवे, वडगाव शेरीच्या आमच्या चर्चमध्ये कायम शेवटच्या बाकावर बसायच्या, खांबाच्या मागं. पुढची अख्खी रांग रिकामी असली तरी तिथंच. फादर स्वतः हात धरून पुढं न्यायला आले तरी तिथंच. "हितं बरं हाय," एवढंच म्हणायच्या. त्यांची बहुतेक उत्तरं अशीच असायची, पुढं बोलायला जागाच ठेवायची नाहीत. मी कसबा पेठेत वाढलेली, उलट उत्तराला सहसा कमी न पडणारी बाई. पण सासूबाईंपुढं माझं पुणं चालायचं नाही.

त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. कॉलनीतल्या बायका अजून त्यांचं नाव काढतात आणि "संतीण होती हो," म्हणून डोळे पुसतात. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. संतीण वगैरे काही नव्हत्या. आमटीत मीठ कमी पडलं तर न बोलता वाटी सरकवून ठेवायच्या. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात त्या चहा सोडायच्या, आणि त्याचा त्रास घरातल्या बाकी सगळ्यांना व्हायचा. मला त्यांचा राग यायचा, खूप यायचा. आणि माझा त्यांच्यावर जीव होता, हेही इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढं गैरसमज नको.

आमचं लग्न झालं शहाण्णव साली. माझं माहेर प्रॉटेस्टंट. कसब्यातून चालत आम्ही चर्चला जायचो, महिन्यातून एकदा प्रभुभोजन, बाकी उपदेश आणि गीतं. येशूच्या आईला आमच्याकडं नाताळपुरतं बोलवायचे. साळव्यांच्या घरी आले तर तिथं माउली बारा महिने मुक्कामाला. सकाळी पाचला जपमाळ, संध्याकाळी पुन्हा जपमाळ, ऑक्टोबरात घरोघरी मूर्ती नेऊन जपमाळ, सप्टेंबरात हरेगावच्या माउलीची यात्रा. "कुसुम, तुमच्यात माळ न्हाई?" सासूबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं. नाही म्हटलं. "मंग तुमी बोटांचं करता काय?"

त्या मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, राहुरीच्या पुढच्या एका खेड्यातल्या. त्या भागात आजा-पणज्यापासून कॅथलिक झालेली घरं बरीच आहेत. नावं मात्र गावचीच राहिली. चर्चच्या दप्तरात एक नाव, तोंडात दुसरं. सासूबाईंचं दप्तरातलं नाव अंतोनिया होतं, ते त्यांना स्वतःला आठवायला लागायचं. सासरे दत्तोबा अठ्ठ्याऐंशीत वारले, तेव्हा त्या मुलाला घेऊन पुण्यात आल्या. मुलाचं दप्तरातलं नाव फ्रान्सिस. घरात, गावात आणि मार्केट यार्डात, जिथं तो नगरकडचा कांदा स्वतःच्या टेम्पोनं आणून उतरवायचा, तिथं सगळीकडं तो भैरूच. लग्नपत्रिकेवर फ्रान्सिस छापलं तर निम्मे पाहुणे फोन करून विचारत होते, की भैरूचं कधी उरकणार.

आता चर्चमधलं थोडं सांगावं लागेल. मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, शेवटाकडं सगळे रांगेनं पुढं जातात आणि फादर प्रत्येकाला ख्रिस्तप्रसाद देतात. पातळ, पांढरी, रुपयाएवढी भाकर. कॅथलिक माणसाला त्याहून मोठं काही नाही, कारण ते प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर अशी श्रद्धा. ते घ्यायचं तर मन स्वच्छ लागतं. काही गंभीर पाप घडलं असेल तर आधी फादरकडं जाऊन त्याची कबुली द्यायची, पस्तावा झालाय असं सांगायचं, मग क्षमा मिळते. आणि ते घेण्याआधी काही वेळ पोटात अन्न नको.

रोज मिस्साला जाणाऱ्या, कॉलनीतल्या तीसेक पोरांना सगळ्या प्रार्थना तोंडपाठ करून देणाऱ्या माझ्या सासूबाई या रांगेत कधी उभ्या राहिल्या नाहीत.

चर्चच्या फाटकाशी पोचलं की पदराची गाठ सोडायच्या, गुळाचा खडा काढून तोंडात टाकायच्या आणि मग आत जायच्या. रांगेच्या वेळी शेजारची बाई उठताना म्हणाली, "चला ना आजी," की म्हणायच्या, "माझं खाणं झालंय." पहिल्यांदा मला वाटलं विसरभोळेपणा. मग वाटलं जिभेचे लाड. मधुमेह आहे म्हणावं तर डॉक्टरांनी साखर उत्तम सांगितलेली. कोडं काही सुटेना.

आमच्या लग्नातही त्या उठल्या नाहीत. मी लग्नाआधी कॅथलिक झाले होते, म्हणून नवरा-नवरी दोघांनी प्रसाद घेतला, नवऱ्याची आई मात्र शेवटच्या बाकावर. माझ्या आईनं तेव्हाच माझ्या कानात सांगितलं, "तुझी सासू नाराज आहे, आपण प्रॉटेस्टंट ना." मी ते मनात घट्ट धरून ठेवलं. अकरा वर्षं धरून ठेवलं. त्या काळात मी त्यांना जे काही बोलले त्यातलं निम्मं त्या एका गोष्टीपायी होतं.

भैरूचं आणखी वेगळंच. तो कधी तरी बोलता बोलता बोलून गेला होता. लहानपणी गावच्या चर्चमध्ये त्यानं पहिला ख्रिस्तप्रसाद घेतला. नवीन पांढरा सदरा, गळ्यात फुलं, सगळ्या पोरांच्या आया पोरांबरोबर पुढं गेल्या. याची आई बाकावर बसून होती. त्यानं वळून बघितलं तर तिनं मान खाली घातली. "आईला आपलं काही तरी खटकतंय, तेवढं मला त्या दिवशी कळलं," तो म्हणाला. "काय खटकतंय ते कळलं नाही." आमच्या लग्नाचा दिवस सोडला तर पुढं तोही रांगेत जाईनासा झाला. नाताळ-ईस्टरला यायचा, मागं दाराशी उभा राहायचा, संपायच्या आधी टेम्पोची किल्ली फिरवत बाहेर. आई आणि मुलगा एका घरात राहून एकमेकांशी भाजी आणि हवापाणी एवढंच बोलायचे. वाईट काही नव्हतं त्यात. भांडण तर कधीच नाही. मला वाटतं भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

दोन हजार सात साली आमच्या स्टेलाचा पहिला ख्रिस्तप्रसाद होता. नऊ वर्षांची पोर. तिला सगळ्या प्रार्थना आजीनं शिकवलेल्या, कबुली कशी द्यायची तेही आजीनंच. मांडीवर घेऊन, "लपवायचं न्हाई, खोटं बोलायचं न्हाई," असं शंभरदा बजावून. आदल्या दिवशी मी सासूबाईंना म्हटलं, "आई, उद्या तरी स्टेलाबरोबर पुढं या." दुसऱ्या दिवशी फाटकाशी पदराची गाठ सुटली आणि गुळाचा खडा तोंडात गेला. मी बघत होते. पोर पांढऱ्या फ्रॉकमध्ये पुढं गेली, वळून आजीला शोधू लागली, आणि आजीनं मान खाली घातली.

घरी आल्यावर जेवणंबिवणं झाली, पाहुणे गेले. दुपारी त्या गॅलरीत मटार सोलायला बसल्या तेव्हा मी समोर जाऊन उभी राहिले. जे मनात होतं ते सगळं ओकले. "माझ्यावर राग आहे ना तुमचा? मी प्रॉटेस्टंटाची. माझ्या लग्नात उठला नाहीत, समजू शकते. पण नातीनं काय केलं तुमचं?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी काही तरी परक्या भाषेत बोलतेय.

"तुजा कशाला राग यील?" त्या म्हणाल्या. "खाली बस. उभ्यानं ऐकायचं न्हाई ते."

मग मटार सोलत सोलत त्यांनी सांगितलं. भैरू दोन वर्षांचा होता, तेव्हा तो फ्रान्सिसच होता. बहात्तरचा दुष्काळ चालू होता. दत्तोबा खडी फोडायला दुष्काळी कामावर, लांब, महिना-महिना येणं नाही. पोराला हगवण लागली. तीन दिवस काही थांबेना. सासूबाई एका हातानं पोर सांभाळायच्या आणि दुसऱ्या हातात माळ. तीन दिवसांत किती माळा झाल्या याला गणती नाही. चौथ्या दिवशी पोर रडायचंही थांबलं. मिशनचा दवाखाना दोन तासांच्या वाटेवर होता. त्या पोराला पदरात बांधून निघाल्या. गावच्या शिवेवर भैरोबाचं देऊळ होतं. तिथवर आल्या आणि पोराची मान लटकी पडली.

"म्या त्याला सांगितलं व्हतं," त्या म्हणाल्या. 'त्याला' म्हणजे येशूला. "तीन दिस सांगितलं. मंग म्या भैरोबाच्या देवळात गेले. पोरगं त्याच्या पायावर घातलं. म्हनलं, माझ्या देवाला सांगून झालंय, आता तू बघ. वाचला तर तुझं नाव लावीन. कपाळाला आंगारा लावला आन् पोरगं पानी म्हनलं."

"आणि मग?"

"मंग दवाखान्यात गेले. सिस्टरनी मीठ-साखरेचं पानी दिलं, सुई लावली. दोन दिसांत उठून बसला."

"म्हणजे सिस्टरच्या औषधानं वाचला," मी म्हटलं. शाळेत शिकवते मी, असं बोलायची सवय आहे.

"आसंल," त्या म्हणाल्या. "पर शबूद म्या दिला व्हता."

शब्द दिला म्हणून मुलगा भैरू झाला. गावातल्या कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण सासूबाईंना माहीत होतं आपण काय केलंय. देवाच्या दहा आज्ञांतल्या पहिल्या आज्ञेतच आहे ते, दुसऱ्या देवापुढं वाकायचं नाही. त्या त्याच आठवड्यात कबुलीला गेल्या. तेव्हा गावाला परदेशी फादर होते, म्हातारे, पांढऱ्या दाढीचे, मराठी चांगलं बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पोराला भैरोबाच्या पायावर घातलंस, याचा पस्तावा होतोय का?

"म्या म्हनलं, न्हाई."

"अहो, पण हो म्हणायचं होतं ना!"

"देवापुढं बसून खोटं बोलू?" त्यांनी सोललेल्या शेंगेचं टरफल माझ्या दिशेनं हलवलं. "पोर जित्तं घरी खेळत व्हतं. पस्तावा कुठनं आणू? फादर म्हनले, मंग आत्ता क्षमा देता येत न्हाई. पस्तावा झाला की ये. ते बी खरं बोलले, म्या बी खरं बोलले. त्यांच्यावर राग न्हाई माजा."

त्या दिवसापासून प्रसाद बंद. दर वर्षी ईस्टरच्या आधी त्या मनाला विचारायच्या, आता झाला का पस्तावा? होत नव्हता. लोकांनी विचारलं की काय सांगायचं? खोटं तर बोलायचं नाही. म्हणून गुळाचा खडा. खाणं झालंय म्हटलं की ते खरंच झालेलं असायचं. आणि भैरू म्हणून पोराला दिवसातून शंभरदा हाक मारायची. प्रत्येक हाकेला ते सगळं पुन्हा ताजं व्हायचं.

"त्याच्या पहिल्या परसादाला म्या रडले व्हते," त्या म्हणाल्या. "मान खाली घालून. त्यानं बघू नये म्हनून."

मी विचारलं, भैरूला सांगितलंत का कधी. त्यांनी मान हलवली. "त्याला कशाला? त्याच्या जिवाचा भार त्याच्याच डोक्यावर द्यायचा व्हय? तू बी सांगायचं न्हाई." मी वचन दिलं, आणि नऊ वर्षं पाळलं. माझ्यासारख्या बाईनं. उठून आत गेले, भांडी घासायला घेतली आणि बेसिनशी उभी राहून रडले. अकरा वर्षांचा माझा राग असा वायाच गेला होता.

दोन हजार सोळाच्या जानेवारीत सासूबाईंचं हृदय थकलं. दवाखान्यात आठ दिवस ठेवलं, मग डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, जे आवडतं ते खाऊ द्या. तोवर त्यांना ऐकू येणंही पार कमी झालं होतं. कानात यंत्र बसवलं होतं, पण ते शिट्टी मारतं म्हणून त्या डब्यात ठेवायच्या. आमच्याशी त्या ओरडून बोलायच्या, आणि आम्हीही.

एका सकाळी मी त्यांची वेणी घालत होते. त्या म्हणाल्या, "कुसुम, मरायच्या आदी येकदा घ्यावं वाटतं गं."

काय ते मला विचारावं लागलं नाही.

"मग फादरना बोलावते," मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"बोलव. पर पस्तावा अजून न्हाई. ते म्हनले न्हाई, तर न्हाई. तू भांडायचं न्हाई त्यांच्याशी." मला किती ओळखून होत्या!

मला भीती वाटत होती, ती वेगळीच. नवे फादर तरुण होते, श्रीरामपूरकडचे, गोड बोलणारे. ते "असू द्या हो आजी, त्यात काय" म्हणून मोकळे झाले तर? सासूबाईंनी ते घेतलं नसतं. त्रेचाळीस वर्षं ज्या गोष्टीपायी उपाशी राहिल्या, ती गोष्टच कुणी हसण्यावारी नेली असती, तर त्या भिंतीकडं तोंड करून पडल्या असत्या आणि तशाच गेल्या असत्या. आणि हे फादर गावच्या त्या म्हाताऱ्या फादरसारखे कडक निघाले, तरी तेच.

फादर दुपारी आले. आधी दोन आजाऱ्यांच्या घरी जाऊन आले होते, हेल्मेट हातात, खिशात प्रसादाची छोटी सोनेरी डबी. भैरू त्या दिवशी मार्केट यार्डातून लवकर आला होता, हॉलमध्ये बसला होता. कबुली खासगी असते, म्हणून फादरनी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. पण आमची दारं बिल्डरनं लावलेली, प्लायवूडची. आणि सासूबाईंना ऐकू येत नव्हतं.

"मोठ्यानं बोला फादर," आतून आवाज आला.

"शेवटची कबुली कधी दिली होती, आजी?"

"दुष्काळात."

"कोणत्या?"

"भात्तरच्या!"

मी धावत स्वयंपाकघरात गेले. दुसऱ्याची कबुली ऐकणं हेही पापच. दाण्याचा कूट आधीच केलेला होता, तरी तो भांड्यात ओतून मिक्सर चालू केला. सगळं घर घरघरलं. तेवढ्यात भैरू आत आला आणि त्यानं बटण बंद केलं. आतून त्याचं नाव ऐकू आलं होतं.

"अहो, ऐकू नका," मी म्हटलं.

"सरक," तो म्हणाला. तो मला असं कधी बोलत नाही.

मग आम्ही दोघांनी ओट्याशी उभं राहून सगळं ऐकलं. हगवण, माळ, शिवेवरचं देऊळ, अंगारा. सासूबाई एकेक गोष्ट सांगत होत्या, काही वगळत नव्हत्या, काही सजवत नव्हत्या. भैरूनं ओट्याची कड धरली होती. पंचेचाळीस वर्षांचा गडी, कांद्याची पोती पाठीवर घेणारा.

आत सासूबाईंचं सांगून संपलं. मी मनात म्हटलं, आता बोलू नका "त्यात काय". आता नका बोलू.

"आजी," फादर म्हणाले. तेही आता मोठ्यानं बोलत होते, इलाजच नव्हता. "त्या दिवशी तुम्ही दुसऱ्याच्या दारात गेलात. तेव्हा आपल्या प्रभूला काय वाटलं असेल?"

खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, तिचाच आवाज.

"वाईट वाटलं आसंल," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज फुटला. "त्येच तर. त्याला वाईट वाटलं आसंल, ह्याचं मला रोज वाईट वाटतं फादर. रोज. पोराचं न्हाई वाटत. पोरगं वाचलं, लई चांगलं झालं. पर त्यानं पाठीमागनं बघितलं आसंल ना मला जाताना. म्हनून तर मागं बसते. तोंड कसं दावू त्याला?"

"आजी, यालाच पस्तावा म्हणतात."

"ह्याला?"

"हो, यालाच. पोर वाचलं म्हणून कुणी पस्तावत नाही. देवही ते मागत नाही."

"मंग त्या फादरनी का न्हाई सांगितलं?"

"त्यांनी पोराचं विचारलं. मी प्रभूचं विचारतोय."

सासूबाई हिशेब पटतोय का ते बघत असणार. कुणी काही सांगितलं तर त्या लगेच मान डोलवणाऱ्यातल्या नव्हत्या.

"आन् नावाचं?" त्यांनी विचारलं. "नाव बदलायला सांगू नका. शबूद दिलाय."

"राहू द्या नाव. माझ्या सख्ख्या मामाचं नाव म्हसू आहे, चर्चमध्ये पेटी वाजवतो."

"बरं. मंग प्रायश्चित्त सांगा."

"एकदा 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणा."

"येकदा?"

"एकदा."

"त्रेचाळीस वर्साचं, आन् येकदा? अख्खी माळ तरी सांगा."

"आजी, त्रेचाळीस वर्षं तुम्ही आधीच भरलीत."

भैरू स्वयंपाकघराच्या फरशीवर खाली बसला, पाय पसरून, लहान मूल बसतं तसा. मी त्याच्या शेजारी बसले. "मला वाटायचं मी तिला नकोय," तो म्हणाला. एवढंच म्हणाला आणि हमसून हमसून रडला. मी त्याला रडू दिलं. वीस वर्षांच्या संसारात मी त्याला पहिल्यांदाच तसं बघितलं.

दार उघडलं आणि फादरनी आम्हाला आत बोलावलं. सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. पदर डोक्यावर घेतला होता, हात जोडलेले. मी टीपॉयवर पांढरा रुमाल पसरला आणि मेणबत्ती लावली. आम्ही सगळ्यांनी प्रार्थना म्हटली, सासूबाईंचा आवाज सगळ्यांत वर. मग फादरनी डबी उघडली. आत एकच प्रसाद उरला होता.

त्यांनी तो उचलून समोर धरला. "ख्रिस्ताचं शरीर."

सासूबाईंनी त्याच्याकडं कसं बघितलं ते मला सांगता येणार नाही. आमच्याकडं महिन्यातून एकदा प्रभुभोजन असायचं आणि मी त्या वेळी दुपारच्या जेवणाचा विचार करायचे. मला माझीच लाज वाटली.

पण त्यांनी तोंड उघडलं नाही. "थांबा," त्या म्हणाल्या. डोळ्यांनी खोलीभर शोधलं. भैरू दारात उभा होता, चौकटीला टेकून. "तू घेनार न्हाईस?"

"तू घे आई," तो म्हणाला. त्यांना ऐकू गेलं नाही. त्यानं जवळ येऊन मोठ्यानं सांगितलं, "तू घे. एकच आहे."

"मंग आर्धा करा की फादर. आर्धा त्याला द्या."

"आई, अगं—"

"तू माज्यासंगं कधी घेतला न्हाईस," त्या म्हणाल्या. "म्या येकली खाऊ व्हय?"

फादर भैरूकडं बघत राहिले. भैरू म्हणाला, "फादर, मला आधी कबुली द्यायला लागेल. लई वर्षं झालीत." फादरनी प्रसाद पुन्हा डबीत ठेवला, डबी सासूबाईंसमोर रुमालावर ठेवली आणि दोघं गॅलरीत गेले. वाळत घातलेल्या चादरींच्या मधे दोघं उभे होते, भैरूची मान खाली. तो हळू बोलत होता, मला एक शब्द ऐकू आला नाही. त्यानं काय सांगितलं ते मला आजपर्यंत माहीत नाही, मी विचारलंही नाही. सासूबाई तेवढा वेळ डबीवरची नजर न काढता बसून होत्या. त्रेचाळीस वर्षं थांबलेली बाई, आणखी दहा मिनिटं थांबली.

ते आत आले. फादरनी प्रसाद मधोमध मोडला. तो मोडताना होतो तो बारीकसा आवाज मी तरी ऐकला. अर्धा भाग त्यांनी सासूबाईंच्या जिभेवर ठेवला. त्यांनी तोंड मिटलं, डोळे मिटले. मी पाण्याचा पेला घेऊन उभी होते. मला रडू येत होतं, आणि खरं सांगते, रागही येत होता. एवढ्या उपासानंतर बाईच्या तोंडी घास पडला, तर तोही तिनं अख्खा खाल्ला नाही.

उरलेला अर्धा फादरनी भैरूच्या तळहातावर ठेवला. त्यानं तो तोंडात घातला आणि आईच्या खाटेशी गुडघे टेकले.

सासूबाईंनी डोळे न उघडताच मला विचारलं, ओरडून, नेहमीसारखं, "कुसुम, त्याला मिळालं का?"

"मिळालं आई," मी ओरडले, त्यांना ऐकू जावं म्हणून.